वाचकांचे प्रश्न : रेंज कमी, फाइल मोठी

वेब ॲप्लिकेशनला फाइल अपलोड आणि फाइल मॅनेजर जोडण्यासंबंधी आलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक प्रश्न शेतकरी उत्पादक कंपन्या, सेवा केंद्रं आणि बचत गटांसाठी काम करणाऱ्या तरुण मंडळींचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. शहरातल्या पक्क्या इंटरनेटवर बसून लिहिलेल्या सूचना धारणीला किंवा कुरखेड्याला जशाच्या तशा चालत नाहीत, हे धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदणीत सातबारा, आठ-अ, पासबुक आणि संत्र्याच्या बागेचे फोटो एकाच फॉर्मवर घेतो. शेअर्ड होस्टिंग आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएल. एक-दोन फोटो टाकले तर जातात. पाच टाकले की फॉर्म कोरा होऊन पुन्हा समोर येतो, चूक काय तेही दिसत नाही. अपलोडची मर्यादा १० एमबी केली, तरी तेच. — वरुड, जि. अमरावती

उत्तर : तुम्ही एक मर्यादा वाढवली, वाटेत अशा तीन-चार आहेत. पीएचपीतली 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' ही एका फाइलची मर्यादा, मुळात २ एमबी. 'पोस्ट_मॅक्स_साइझ' ही अख्ख्या फॉर्मची, म्हणजे सगळ्या फाइली आणि मजकूर मिळून, मुळात ८ एमबी. चार-चार एमबीचे पाच फोटो म्हणजे २० एमबी झाले. ही दुसरी मर्यादा ओलांडली की पीएचपी फॉर्ममधलं काहीच तुमच्या कोडपर्यंत पोचू देत नाही. फाइली नाहीत, शेतकऱ्याचं नावही नाही. चुकीचा क्रमांक ज्या यादीत यायचा ती यादीच रिकामी असते, म्हणून चूकही दिसत नाही. कोडच्या सुरुवातीलाच तपासा: विनंतीची लांबी शून्याहून जास्त आहे आणि फॉर्मचा डेटा मात्र रिकामा आहे, तर 'फाइली मिळून फार मोठ्या झाल्या' असं मराठीत स्पष्ट सांगा.

सर्व्हरवर पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबी असते. ती ओलांडली की ४१३ क्रमांकाची चूक येते आणि विनंती पीएचपीपर्यंत जातच नाही. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीची सेटिंग बहुधा डॉट-युजर-डॉट-आयएनआय या फाइलमधून बदलतात. ती फाइल पीएचपी साधारण ३०० सेकंद लक्षात ठेवतं, म्हणून बदल केल्यावर पाच मिनिटं थांबूनच तपासा. पीएचपी एफपीएमवर (वेब सर्व्हरपासून वेगळं) चालत असताना हीच सेटिंग डॉट-एचटीॲक्सेसमध्ये लिहिली, तर सगळी साइट ५०० ची चूक देऊन बंद पडते.

पण मर्यादा ५० एमबीपर्यंत ताणत नेण्यापेक्षा फॉर्मची रचनाच बदला. फाइल निवडल्याबरोबर ती एकटी पाठवा. सर्व्हर तिला क्रमांक देईल. शेवटी फॉर्म पाठवताना फक्त हे क्रमांक जातील. म्हणजे पाचवा फोटो अडकला तरी चार सुरक्षित राहतात आणि टंकलेला मजकूर जात नाही. ज्या फाइली कुठल्याच अर्जाला जोडल्या गेल्या नाहीत, त्या २४ तासांनी पुसणारं क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) काम लावून ठेवा.

प्रश्न : फील्डवरची मुलं गावात जाऊन मोबाइलच्या ब्राउझरमधूनच फोटो चढवतात. पट्टी ७०-८० टक्क्यांपर्यंत जाते, रेंज तुटते, पुन्हा शून्यापासून. म्हणून फाइल तुकड्यांनी पाठवायचा कोड लिहिला. आता काही फाइली मूळ फाइलपेक्षा मोठ्या होतात आणि उघडतच नाहीत. — धारणी, जि. अमरावती

उत्तर : आधी फाइल फोनवरच लहान करा, तुकड्यांचं नंतर बघा. २०० किलोबिट वेगाच्या जोडणीवर ५ एमबीचा फोटो जायला २०० सेकंद लागतात, म्हणजे सव्वातीन मिनिटांहून जास्त. तोच ४०० केबीचा केला तर १६ सेकंद. डोंगरातल्या रेंजवर सोळा सेकंद बहुतेक वेळा मिळतात, सव्वातीन मिनिटं क्वचितच.

ब्राउझरमध्ये फोटो कॅनव्हासवर (पानातल्या चित्र काढायच्या जागेवर) काढून जेपेग म्हणून परत घ्यायचा, गुणवत्ता ०.७. कागदासाठी लांब बाजू २२०० पिक्सेल ठेवा. ए-४ कागदावर ते इंचाला साधारण १८८ ठिपके होतात, सातबाऱ्यातली बारीक अक्षरं वाचता येतात. बागेच्या फोटोला १६०० पुरे. पानं-फांद्यांचा बारीक तपशील जेपेगला फारसा दाबता येत नाही, म्हणून बागेचा फोटो कमी पिक्सेलचा असूनही जड राहतो.

यात एक तोटा आहे. कॅनव्हासमधून निघालेल्या फोटोत स्थान आणि वेळेची मूळ नोंद उरत नाही. बाग कुठल्या गटात आहे याचा पुरावा हवा असेल, तर फोटो घेतानाच ब्राउझरकडून स्थान वेगळं मागा आणि डेटाबेसमध्ये अक्षांश, रेखांश, अचूकता आणि वेळ अशा चार रकान्यांत ठेवा. स्थान मागायला साइट एचटीटीपीएसवर असावी लागते. फोटोच्या आतल्या नोंदीवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रात ती नसतेच.

आता फुगलेल्या फाइली. तुमचा कोड आलेला तुकडा फाइलच्या शेवटी जोडत असणार. तुकडा सर्व्हरवर पोचला, लिहिलाही गेला, पण 'मिळाला' हे उत्तर फोनपर्यंत येण्याआधी रेंज गेली, असं झालं की फोन तोच तुकडा पुन्हा पाठवतो आणि तो दुसऱ्यांदा जोडला जातो. चांगल्या नेटवर हे कधी दिसत नाही, त्यामुळे कार्यालयात केलेल्या चाचणीत सगळं ठीक वाटतं. प्रत्येक तुकड्यासोबत 'कितव्या बाइटपासून' हा आकडा पाठवा. सर्व्हरवरच्या फाइलची लांबी त्या आकड्याशी जुळली तरच लिहा. जुळली नाही तर नकार देऊन खरी लांबी कळवा, फोन तिथून पुढे पाठवेल. एकाच फाइलचे दोन तुकडे एकाच वेळी लिहिले जाऊ नयेत म्हणून फाइलला लॉक लावा. शेवटी फोनवर काढलेला एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बाइटांवरून निघणारी ठशासारखी खूण) सर्व्हरवरच्या फाइलशी ताडून बघा आणि मगच 'झालं' म्हणा.

हे सगळं स्वतः लिहिण्यापेक्षा 'टस' नावाची खुली पद्धत वापरा, असा आमचा आग्रह आहे. तिच्यात नेमकं हेच ठरवून दिलं आहे: फोन आधी 'कुठवर आलंय?' असं विचारतो, सर्व्हर बाइटचा आकडा सांगतो, पुढचा भाग पॅच (आधीच्यात भर घालणाऱ्या) विनंतीने जातो, आकडा जुळला नाही तर ४०९ क्रमांकाची चूक मिळते. ब्राउझरच्या बाजूला 'अप्पी' ही लायब्ररी तिच्याशी थेट जोडता येते. काही होस्टिंगवर पॅच विनंत्या अडवलेल्या असतात. तेव्हा टसच्या क्लायंटमध्ये पॅचऐवजी पोस्ट वापरायची सोय चालू करा.

तुकडा किती मोठा? २५६ केबी ठेवा; वरच्याच वेगाला तो साधारण १० सेकंदांत जातो, तुटला तरी तेवढंच नुकसान. ॲमेझॉनच्या एस-३ या फाइल साठवणुकीच्या सेवेवर थेट तुकड्यांनी पाठवायचा विचार असेल तर लक्षात घ्या: तिथे शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा असावा लागतो. मेळघाटातल्या रेंजला ते झेपणार नाही. तुकडे आपल्या सर्व्हरवर घ्या आणि पूर्ण झालेली फाइल तिथून पुढे पाठवा.

आणखी दोन गोष्टी फील्डवर हमखास अडवतात. कमी मेमरीच्या फोनवर कॅमेरा उघडला की अँड्रॉइड मागचा ब्राउझर बंद करतं. फोटो काढून परत येईपर्यंत पान नव्याने उघडलेलं असतं आणि फॉर्म रिकामा. म्हणून प्रत्येक रकाना भरताक्षणी ब्राउझरच्या इंडेक्स्ड-डीबीत (फोनवरच राहणाऱ्या साठ्यात) साठवत जा. दुसरी गोष्ट, फाइलच्या बटणाला 'कॅप्चर' लावलं की बहुतेक फोन थेट कॅमेराच उघडतात, गॅलरी दाखवत नाहीत. शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला पासबुकाचा फोटो मग निवडताच येत नाही. दोन वेगळी बटणं द्या: 'फोटो काढा' आणि 'फोनमधून निवडा'.

प्रश्न : फुकट मिळणारा एक फाइल मॅनेजर ॲडमिन विभागात बसवला. काही दिवसांनी होस्टिंगवाल्यांनी कळवलं की अपलोडच्या फोल्डरमध्ये अनोळखी पीएचपी फाइली आहेत. काढल्या, पुन्हा आल्या. लॉगिन तर फक्त आमच्याकडेच आहे, मग आत कोण येतंय? — आर्वी, जि. वर्धा

उत्तर : फाइल मॅनेजरचे दोन भाग असतात. एक दिसणारं पान; दुसरा 'कनेक्टर', म्हणजे सर्व्हरवरची ती फाइल जी खरोखर लिहिणं, पुसणं, नाव बदलणं करते. तुम्ही पानाला लॉगिन लावलं, पण कनेक्टरचा पत्ता उघडा राहिला असण्याची शक्यता मोठी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसच्या 'डब्ल्यूपी फाइल मॅनेजर' या प्लगइनमध्ये नेमकं हेच उघडकीला आलं. त्यात वापरलेल्या एलफाइंडर या खुल्या फाइल मॅनेजरचा नमुना-कनेक्टर मुळात चालू नये म्हणून वेगळ्या शेपटीच्या (एक्स्टेन्शनच्या) नावाने दिलेला असतो. प्लगइनमध्ये त्याचं नाव बदलून चालणारी पीएचपी फाइल झाली होती आणि तिला लॉगिनची तपासणी नव्हती. त्या वेळी हे प्लगइन सात लाखांहून जास्त साइटवर होतं; ६.९ आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

नुसत्या फाइली काढून भागणार नाही. साइट तात्पुरती बंद करा. सर्व्हरच्या नोंदी आधी उतरवून घ्या, नाहीतर कुठून शिरले ते कधीच कळणार नाही. होस्टिंग, एफटीपी आणि डेटाबेस या तिन्हींचे पासवर्ड बदला; डेटाबेसचा पासवर्ड कोडच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, तो वाचला गेला असं धरूनच चला. क्रॉनची यादी बघा. काढलेल्या फाइली पुन्हा येतात त्या बऱ्याचदा तिथूनच. मग अख्खा कोड पुसून तुमच्याकडच्या स्वच्छ प्रतीतून परत टाका. अपलोडच्या फोल्डरमधून फक्त चित्रं आणि पीडीएफ परत घ्या. तुमची नोंदणीकृत कंपनी असेल तर असा शिरकाव लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवायचं असतं. २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तसे आहेत.

पुढे पुन्हा होऊ नये म्हणून सर्वांत महत्त्वाचं: अपलोड झालेल्या फाइली पब्लिक_एचटीएमएलच्या, म्हणजे ब्राउझरमधून पोचता येणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर ठेवा. तिथे पीएचपी फाइल पोचली तरी पत्ता टाकून ती चालवता येत नाही. डॉट-एचटीॲक्सेस टाकून अपलोडचं फोल्डर बंद करण्याची रीत पुष्कळ ठिकाणी शिकवतात, तिच्यावर एकटीवर विसंबू नका. अपाचीच्या २.३.९ आवृत्तीपासून ही फाइल मुळात वाचलीच जात नाही, सर्व्हरवाल्याने परवानगी दिली तरच वाचली जाते. ब्लूइंपच्या अतिशय लोकप्रिय जेक्वेरी अपलोडरमधला २०१८ सालचा मोठा दोष याच गृहीतकातून आला होता.

फाइलचा प्रकार ब्राउझरने सांगितला तो धरू नका, तो कोणीही बदलून पाठवू शकतो. पीएचपीच्या 'फाइलइन्फो'ने आतले बाइट तपासा, आणि फाइलची शेपटी त्या निकालावरून तुम्ही स्वतः लावा. जेपीजी, पीएनजी, पीडीएफ एवढंच घ्या. एसव्हीजी चित्र दिसलं तरी त्यात स्क्रिप्ट असू शकते, ते घेऊ नका. आलेलं चित्र उघडून पुन्हा जेपेग म्हणून साठवलं की त्यात लपवलेला कोड सहसा गळून पडतो. पण त्याआधी लांबी-रुंदी बघा: ८१६० गुणिले ६१४४ पिक्सेलचा फोटो जीडीत (पीएचपीच्या चित्रांच्या लायब्ररीत) उघडला की पिक्सेलला ४ बाइट धरून २०० एमबी मेमरी मागतो, आणि पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी असते. पान अर्ध्यात मरतं.

फाइली दाखवताना प्रत्येक वेळी 'हा माणूस ही फाइल बघू शकतो का' हे तपासणाऱ्या कोडमधूनच दाखवा. पासबुकाचा थेट पत्ता एकदा गावातल्या ग्रुपवर गेला की परत बोलावता येत नाही. आधार जिथे लागतोच तिथे शेवटचे ४ अंक दिसणारी झाकलेली प्रत घ्या. लागत नसेल तिथे मागूच नका. ज्या शेतकऱ्याने विश्वासाने कागद दिले त्याच्याशी आपण एवढं तरी बांधील आहोत.

प्रश्न : मराठी नावाच्या फाइली उतरवताना नाव बिघडतं. एकाच नावाची दुसरी फाइल आली की पहिली जाते. आणि 'शेतकऱ्यांची यादी' समोर दिसत असूनही शोधल्यावर सापडत नाही! — सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे: वापरणाऱ्याने दिलेलं नाव तुम्ही डिस्कवरच्या फाइलला लावता. डिस्कवर ३२ अक्षरांचं यादृच्छिक नाव द्या आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवा. मग पहिली फाइल पुसली जाणार नाही. लांबीचीही अडचण जाईल: लिनक्सच्या ईएक्सटी-४ वर नाव २५५ बाइटांचं असू शकतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे मात्रा आणि हलंत धरून ८५ चिन्हं. सरकारी अर्जाचं पूर्ण नाव एवढ्यात बसत नाही. उतरवताना मूळ नाव हेडरमध्ये 'फाइलनेम-तारा' या प्रकारात, यूटीएफ-८ असं सांगून आणि टक्केवारीच्या चिन्हांत बदलून पाठवा. पीएचपीचं 'बेसनेम' सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगवर चालतं. सेटिंग चुकीची असेल तर देवनागरी नाव कापलं जातं.

शोधाचा घोळ 'ऱ'चा आहे. 'शेतकऱ्यांची' मधला ऱ्य तीन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध 'ऱ' आणि हलंत, 'र', खाली नुक्ता आणि हलंत, किंवा 'र', हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. कोणी कुठल्या कीबोर्डने टंकलं त्यावर ते ठरतं. डोळ्यांना तिन्ही सारखे, डेटाबेसला वेगळे. नाव साठवताना आणि शोधतानाही पीएचपीच्या 'नॉर्मलायझर'मधून एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणा. त्याने पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. ती तुम्हालाच शोधून पहिल्या रूपात बदलावी लागेल. जुन्या नोंदींवरही हे एकदा चालवा.

प्रश्न : तालुका, गाव, सभासद अशा फोल्डरांत फाइली दाखवायच्या आहेत. सर्व्हरवर तसेच फोल्डर करावेत का? एलफाइंडर बसवावा की स्वतः लिहावं? — कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : सर्व्हरवर तसे फोल्डर करू नका. फोल्डर हे डेटाबेसमधल्या ओळी असू द्या: क्रमांक, वरच्या फोल्डरचा क्रमांक, नाव. फाइलच्या ओळीत फोल्डरचा क्रमांक, मूळ नाव, डिस्कवरचं नाव, आकार, हॅश, कोणी टाकली, केव्हा टाकली, केव्हा काढली. गाव हलवायचं तर एका ओळीतला एक आकडा बदलतो, हजार फाइली हलवाव्या लागत नाहीत आणि मध्येच लाइन गेली म्हणून अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे असं होत नाही. फोल्डर त्याच्याच पोटातल्या फोल्डरमध्ये टाकता येणार नाही एवढी तपासणी मात्र हवी. नाहीतर चक्र तयार होतं आणि तो सगळा भाग यादीतून नाहीसा होतो.

गावाची ओळख नावावरून करू नका. सावंगी, खापरी, पिंपळगाव ही नावं विदर्भात कितीतरी ठिकाणी आहेत. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला क्रमांक आहे, तो वापरा.

एलफाइंडर चांगलं साधन आहे, पण ते डिस्कवरचे फोल्डर सांभाळणाऱ्या जाणकारासाठी. सेवा केंद्रावरच्या ताईला त्यातल्या निम्म्या गोष्टी लागत नाहीत, आणि जी सोय लागत नाही ती दार म्हणून उघडी राहते. तुम्हाला यादी, शोध, अपलोड, नाव बदल, हलवणं आणि कचरापेटी एवढंच हवं आहे; ते स्वतः लिहा. मोबाइलवर ओढून टाकण्याचा उपयोग नाही. खुणेचे चौकोन आणि 'हलवा' बटण द्या. एका पानावर ५० फाइली दाखवा आणि लहान चित्रं अपलोडच्या वेळीच करून ठेवा. काढलेली फाइल ३० दिवस कचरापेटीत राहू द्या.

प्रश्न : आयफोनवरून आलेले काही फोटो कार्यालयातल्या संगणकावर उघडत नाहीत. — लाखनी, जि. भंडारा

उत्तर : ते एचईआयसी प्रकारचे आहेत; २०१७ पासून आयफोन त्यात फोटो साठवतो आणि क्रोम तो दाखवत नाही. फाइलच्या बटणावर जेपेग आणि पीएनजी एवढेच प्रकार मागा, बहुतेक वेळा फोन स्वतःच बदलून देतो. तरीही आलाच तर सर्व्हरवर इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या साधनाने बदला, किंवा सरळ नाकारून कारण सांगा.

प्रश्न : तीन हजार सभासद, प्रत्येकी पाच कागद. जागा किती घ्यावी आणि बॅकअप कसा ठेवावा? — दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : कागद ४०० केबीचा धरला तर १५,००० फाइलींचे ६ जीबी. लहान चित्रं १५ केबीची धरून आणखी पाव जीबी. कचरापेटी आणि अर्धवट अपलोड यांच्यासाठी सोडून १० जीबी घ्या. होस्टिंग घेताना फाइलींच्या संख्येवर मर्यादा आहे का ते विचारा. तुमच्या लहान-मोठ्या मिळून ३०,००० होतील. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये न ठेवता डिस्कवरच्या यादृच्छिक नावाच्या पहिल्या दोन हेक्स चिन्हांवरून (०-९, ए-एफ) २५६ उपफोल्डरांत वाटा.

बॅकअप घेताना आधी डेटाबेसची प्रत काढा, नंतर फाइली. उलट केलं तर मधल्या वेळात आलेल्या फाइलीची ओळ प्रतीत असते, पण फाइल नसते. फाइली रोज सगळ्या उतरवू नका, आरसिंक या प्रती जुळवणाऱ्या साधनाने फक्त नव्या घ्या, आणि कचरापेटीचे ३० दिवस पूर्ण होईपर्यंत बॅकअपमधली एकही पुसू नका. दर महिन्याला बॅकअप दुसऱ्या संगणकावर उभा करून कुठल्याही वीस फाइलींचे हॅश डेटाबेसशी ताडून बघा.